चांदीचा डोंगर आणि शेजारधर्म
(कुत्ना होरा या चेक गावाची हकीकत)

युरोपचा नकाशा समोर घ्या. त्याच्या जवळजवळ मध्यभागी, चारी बाजूंनी जमिनीने वेढलेला एक लहानसा देश दिसेल. तो चेक लोकांचा देश. प्राग ही त्याची राजधानी. प्रागपासून पूर्वेकडे सुमारे ७० किलोमीटर गेले, की एका टेकडीच्या उतारावर वसलेले गाव लागते. त्याचे नाव कुत्ना होरा. वस्ती म्हणाल तर आज वीस हजारांच्या घरात. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. पण एके काळी हे गाव प्रागच्या खालोखाल त्या राज्यातले सर्वांत मोठे शहर होते, आणि तिथे पाडलेली नाणी अर्ध्या युरोपात खुळखुळत होती.

‘होरा’ म्हटले की आपल्याला ज्योतिषी आठवतो. चेक भाषेत मात्र होरा म्हणजे डोंगर. ‘कुत्ना’ या शब्दाबद्दल एक दंतकथा सांगतात. जवळच सेद्लेत्स नावाचे ठिकाण आहे. तिथे सन ११४२ मध्ये ख्रिस्ती साधूंचा मठ स्थापन झाला. त्या मठातला आंतोनीन नावाचा साधू एकदा डोंगरावर झोपी गेला. जागा होऊन पाहतो तो उशाशी जमिनीतून चांदीच्या तीन काड्या वर आलेल्या! त्याने अंगातला झगा काढून त्या जागेवर खूण म्हणून टाकला आणि मठाकडे धाव घेतली. साधूच्या या झग्याला चेक भाषेत कुत्ना म्हणतात. म्हणून हा कुत्ना डोंगर. कथा गोड आहे, पण भाषेचे अभ्यासक दुसरीकडे बोट दाखवतात. जुन्या चेक भाषेत ‘कुतात’ म्हणजे खणणे. खणून काढलेला डोंगर तो कुत्ना होरा. त्यातले खरे कोणते याचा वाद पंडितांवर सोपवू. गाव जन्मले ते खणण्यातून, एवढे मात्र निश्चित.

तेराव्या शतकाच्या अखेरीस इथे चांदी सापडल्याची बातमी फुटली आणि लोकांची रीघ लागली. जर्मन भाषा बोलणारे खाणकरी आले, चेक शेतकरी आले, लोहार, सुतार, कोळसे पाडणारे, खानावळी चालवणारे, सगळे आले. कुणी आराखडा काढून हे शहर बसवलेले नाही. जिथे चांदीची शीर लागली तिथे खणायचे, आणि खणले तिथेच खोपटे घालायचे, असा प्रकार. म्हणून आजही तिथले जुने रस्ते सरळ नाहीत. पाण्याच्या ओहळासारखे ते वाकडेतिकडे जातात.

राजा दुसरा वात्स्लाव हा धोरणी माणूस होता. त्याने ओळखले, की चांदी नुसती सापडून भागत नाही. तिला कायदा लागतो आणि तिच्यावर ठसा लागतो. सन १३०० मध्ये त्याने या दोन्ही गोष्टी केल्या. इटलीतील ओर्विएटो गावचा गोझियो नावाचा कायदेपंडित बोलावून त्याच्या मदतीने खाणींचा कायदा लॅटिन भाषेत लिहवून घेतला. खाण कुणी खणावी, राजाचा वाटा किती, आधारासाठी लाकडे कशी लावावीत, हवा खेळती कशी ठेवावी, असे सारे त्यात आहे. खाणकऱ्याची पाळी सहा तासांची असावी, हेही त्यात आहे. सातशे वर्षांपूर्वीचा कायदा मजुराच्या तासांचा हिशेब मांडतो, हे ऐकून आश्चर्य वाटेल. पण राजाला कुणाचा फार कळवळा आला होता असे समजण्याचे कारण नाही. थकलेला माणूस अंधारात चुकतो, आणि खाणीत एकाची चूक दहांच्या जिवावर बेतते, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता.

दुसरी गोष्ट नाण्याची. त्याआधी त्या देशात पातळ, हलकी, सतत बदलणारी नाणी चालत. राजाने इटलीतल्या फ्लॉरेन्सहून जाणकार माणसे आणवली आणि कुत्ना होरा येथे टांकसाळ घातली. इटालियन माणसाला जुन्या चेक भाषेत ‘व्लाख’ म्हणत, म्हणून टांकसाळीच्या वाड्याचे नाव पडले ‘व्लाश्स्की द्वूर’, म्हणजे इटालियनांचा वाडा. तिथे जे जाड, भरीव चांदीचे नाणे पडू लागले ते प्रागचा ग्रोश. वजन साडेतीन ग्रॅमहून थोडे अधिक. एका बाजूला मुकुट, दुसऱ्या बाजूला दोन शेपट्यांचा सिंह. व्यापारी ते डोळे मिटून घेत, कारण त्यातली चांदी खरी होती. पुढच्या राजांना पैशाची तंगी पडली तशी त्यांनी नाण्यात चांदी कमी आणि तांबे जास्त घालायला सुरुवात केली. नाण्यातली चांदी उतरली की बाजारातले भाव चढतात, आणि त्याचा पहिला चटका मजुरालाच बसतो. तरी १५४७ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीचशे वर्षे, ग्रोश पडत राहिला.

आता जरा खाणीत उतरून पाहू. विहिरीसारखे उभे विवर. पण विहीर केवढी? ‘गाढव’ अशा गमतीदार नावाची एक खाण तिथे होती. ती पाचशे मीटरांच्या आसपास खोल गेली होती. त्या काळी जगात इतक्या खोल खाणी फार थोड्या होत्या. खाणकरी अंगात पांढऱ्या जाड कापडाचा टोपीदार अंगरखा घाली, म्हणजे अंधारात एकमेकांना दिसावे. कमरेला मागच्या बाजूने चामड्याचा तुकडा बांधलेला. त्यावर बसून उतारावरून घसरत खाली जायचे. हातात चरबीचा दिवा, छिन्नी आणि हातोडा. फोडलेली खनिजे कातड्याच्या पिशव्यांतून आणि रहाटाने वर यायची. मोठा रहाट घोडे जुंपून, आपल्याकडचा तेलाचा घाणा फिरवतात तसा गोल फिरवावा लागे. मौल्यवान ते सारे वर यायचे. खाली काय उरायचे, तर पाणी, अंधार आणि कधी कधी माणसे.

खाणींनी आणखी एक गोष्ट गिळली, ती म्हणजे गावच्या विहिरी. जमीन पोखरली की झरे खोल जातात. जे पाणी राहते तेही खनिजांनी नासते. विहीर आटली की गावाचे काय होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. चांदीच्या राशीवर बसलेले हे शहर पिण्याच्या पाण्याला महाग झाले. तेव्हा नगरवासीयांनी दूरच्या झऱ्याचे पाणी लाकडी नळांतून गावात आणले, आणि १४९५ च्या सुमारास त्यासाठी बारा बाजूंचा एक कोरीव दगडी हौद बांधला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत लोक तिथून पाणी भरीत होते. तो हौद आजही जागेवर उभा आहे.

इथवर झाली संपत्तीची गोष्ट. पण आपल्याला या गावाकडून शिकण्यासारखे जे आहे, ते यापुढे येते.

१४०९ सालच्या १८ जानेवारीला राजा चौथा वात्स्लाव याने कुत्ना होरा येथून एक हुकूम काढला. विषय होता प्रागच्या विद्यापीठाचा. तिथे चार ‘राष्ट्रां’चे, म्हणजे चार प्रदेशांतल्या विद्वानांचे, गट होते आणि प्रत्येकाला एक मत होते. चेक गट एक आणि परके तीन. राजाने हे उलटे केले : चेक गटाला तीन मते, बाकी सगळ्यांना मिळून एक. परदेशी, मुख्यतः जर्मन, अध्यापक व विद्यार्थी रागाने निघून गेले. त्यांतल्या पुष्कळांनी त्याच वर्षी लाइप्झिग येथे नवे विद्यापीठ काढले. प्रागच्या विद्यापीठाचा प्रमुख झाला यान हुस नावाचा धर्मोपदेशक. तो लोकांच्या भाषेत उपदेश करी आणि धर्माधिकाऱ्यांच्या लोभावर कोरडे ओढी. १४१५ साली कोन्स्टान्झ येथे भरलेल्या धर्मसभेने त्याला पाखंडी ठरवले आणि त्याला जिवंत जाळण्यात आले.

त्यानंतर देश पेटला. हुसच्या अनुयायांची एक मुख्य मागणी समजून घ्या, म्हणजे पुढचे कळेल. ख्रिस्ती उपासनेत प्रभुभोजनाचा विधी असतो. त्यात त्या काळी सामान्य भक्ताला फक्त भाकर देत. द्राक्षारसाचा पेला एकटा धर्मगुरू घेई. हुसचे लोक म्हणाले, पेलाही सर्वांना मिळाला पाहिजे. देवाच्या पंगतीत वरचा-खालचा कसला? पेला ही त्यांच्या निशाणावरची खूण झाली.

कुत्ना होऱ्यातले सधन खाणमालक आणि खाणकरी बहुतेक जर्मन होते आणि रोमच्या पोपला मानणारे होते. त्यांनी पेलेवाल्यांना पकडायला सुरुवात केली. पकडलेली माणसे खाणीच्या विवरांत फेकली जाऊ लागली. हुसपक्षाच्या इतिहासकाराने अशा बळींचा आकडा सोळाशेहून अधिक दिला आहे. तो एका पक्षाचा आकडा आहे, म्हणून जपून घ्यावा. पण प्रकार घडला यात शंका नाही. ज्या विवरातून काल चांदी वर येत होती, त्याच विवरात आज शेजारी शेजाऱ्याला ढकलीत होता.

मग पारडे फिरले. १४२१ साली हुसपक्षाचे सैन्य चालून आले. सेद्लेत्सचा तो जुना मठ जाळला गेला आणि शहर शरण आले. त्याच वर्षी डिसेंबरात सम्राट सिगिस्मुंडाची फौज आली. आतल्याच काही लोकांनी वेशीचे दार उघडले, आणि पुन्हा कत्तल झाली, या वेळी पेलेवाल्यांची. यान झिश्का हा हुसपक्षाचा सेनापती. त्याची दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेलेली होती. तरी तो वेढ्यातून निसटला आणि अवघ्या काही दिवसांत ताज्या दमाची माणसे घेऊन परत आला. १४२२ च्या जानेवारीत सम्राटाला पळ काढावा लागला. जाताना त्याच्या माणसांनी शहराला आग लावली. जर्मन खाणकरी परागंदा झाले. खाणी पाण्याने भरल्या. कित्येक वर्षे टांकसाळीच्या हातोड्याचा आवाज बंद पडला.

या सगळ्यात कोण जिंकले? नीट पाहिले तर कुणीच नाही. दोन्ही पक्ष एकमेकांना संपवू शकले नाहीत. त्यांना त्याच देशात, त्याच बाजारात, पुष्कळदा एकाच गल्लीत राहायचे होते. हे कळायला त्यांना दोन पिढ्या लागल्या.

मार्च १४८५ मध्ये राजा व्लादिस्लावच्या कारकिर्दीत सरदार आणि नगरांचे प्रतिनिधी कुत्ना होरा येथे जमले. दोनच वर्षांपूर्वी प्रागमध्ये धर्मावरून पुन्हा रक्त सांडले होते, आणि सगळ्यांच्या पोटात भीतीचा गोळा होता. तिथे एक करार झाला. त्याचा आशय असा : पेलेवाले आणि पोपला मानणारे हे दोन्ही पंथ देशात सारखेच मानले जातील. एकाने दुसऱ्याला पाखंडी म्हणू नये. ज्या गावचे चर्च ज्या पंथाचे, ते तसेच राहील. पण ज्याला ते मानवत नसेल त्याने शेजारच्या गावी जाऊन आपल्या पद्धतीने प्रभुभोजन घ्यावे, त्याला कुणी अडवू नये. आणि जमीनदाराने आपल्या कुळांवर आपला पंथ लादू नये.

हे शेवटचे कलम पुन्हा एकदा वाचा. त्या काळचे कूळ म्हणजे जमिनीला बांधलेला माणूस. धन्याच्या परवानगीशिवाय त्याला गाव सोडता येत नसे. अशा माणसाच्या मनावर तरी धन्याची मालकी नाही, असे १४८५ साली लिहून ठेवले गेले. त्यानंतर सत्तर वर्षांनी, १५५५ मध्ये, जर्मनीत जो धर्मविषयक तह झाला, त्यात राजाचा जो धर्म तोच प्रजेचा, असा नियम होता. त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे कुत्ना होऱ्याचा करार किती पुढचा होता हे ध्यानात येईल. करार प्रथम ३१ वर्षांसाठी होता. मुदत संपण्यापूर्वीच, १५१२ साली, तो कायमचा करण्यात आला.

या कराराला देवत्व देण्याचे मात्र कारण नाही. तो फक्त दोन मोठ्या पंथांपुरता होता. ‘बंधुसमाज’ नावाचा एक छोटा, गरीब, शस्त्र न धरणारा पंथ त्यात आला नाही, आणि त्याचा छळ चालूच राहिला. शिक्षकबंधूंना त्या पंथातले एक नाव चांगले परिचित असेल. मुलांना चित्रांतून आणि त्यांच्या मातृभाषेतून शिकवा असे सांगणारा थोर शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस हा पुढे सतराव्या शतकात त्याच बंधुसमाजाचा बिशप झाला.

आणि धर्माचा तंटा मिटला म्हणून पोटाचा मिटला असेही नाही. १४९० नंतरच्या वर्षांत खाणकरी मजुरीसाठी आणि अधिकाऱ्यांच्या गैरकारभाराविरुद्ध उठले. कामावर बहिष्कार घालून ते जवळच्या डोंगरावर जाऊन बसले. बोलणी करू म्हणून त्यांना खाली आणले आणि १४९६ मध्ये त्यांच्या म्होरक्यांना देहान्ताची शिक्षा दिली.

तरीही त्या शांततेच्या काळात गाव पुन्हा उभे राहिले. खाणकऱ्यांची संरक्षक मानलेली संत बार्बारा, तिच्या नावाचे चर्च १३८८ साली सुरू होऊन युद्धात अर्धवट पडले होते. ते काम आता परत हाती घेतले गेले. पैसा होता गावकऱ्यांचा. मात्येय रेय्सेक आणि त्याच्यामागून बेनेडिक्ट रीड या शिल्पज्ञांनी दगडी छत असे विणले, की वर पाहावे तर फुलांच्या पाकळ्या उमलल्यासारख्या दिसतात. भिंतींवर संतांबरोबर रहाट ओढणारे खाणकरी आणि नाणे ठोकणारे कारागीरही चितारले आहेत. सोळाव्या शतकाच्या मध्याला चांदी आटू लागली. अमेरिकेतून आलेल्या चांदीने भावही पाडले. १५५८ साली पैशाअभावी बांधकाम थांबले, आणि ते चर्च पुरे झाले तेव्हा १९०५ साल उजाडले होते.

करार कायमचा होता, असे वर म्हटले. कागदावर तो कायमचा होता. १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत चेक सरदार हरले आणि हाब्सबुर्ग राजांनी सारे करारमदार गुंडाळून ठेवले. पोपचा पंथ स्वीकारा नाही तर देश सोडा, असा हुकूम निघाला. १६२६ साली संत बार्बाराचे चर्च जेझुइट साधूंच्या ताब्यात गेले. दुसऱ्या पंथांना थोडीशी मोकळीक मिळायला १७८१ साल यावे लागले. तोवर टांकसाळही बंद झालेली होती आणि १७७० च्या आगीत गावाचा मोठा भाग जळून गेला होता.

चांदी गेली, पण माणसे निपजत राहिली. १८०८ साली इथे योसेफ कायेतान तिल हा नाटककार जन्मला. १८३४ साली त्याच्या एका नाटकात आलेले, आपली मायभूमी कुठे असे विचारणारे गाणे आज चेक देशाचे राष्ट्रगीत आहे. सेनापतींची किंवा विजयाची त्यात भाषाच नाही. त्या देशातल्या पाण्याचे, रानाचे आणि बागांचे वर्णन आहे. १८५० मध्ये कारेल हाव्लीचेक बोरोव्स्की या निर्भीड पत्रकाराने प्रागमध्ये छापणे अशक्य झालेले आपले मत इथून ‘स्लोव्हान’ या पत्रातून मांडले. पुढल्याच वर्षी सरकारने त्याला हद्दपार केले.

विसाव्या शतकात ते विवर जणू पुन्हा उघडले. १९३९ मध्ये नाझींनी देश व्यापला. १९४२ साली गावातल्या ज्यू कुटुंबांना उचलून तेरेझीनच्या छावणीत नेले. त्यांतले फार थोडे परतले. युद्ध संपल्यावर त्या देशातून सुमारे तीस लाख जर्मनभाषकांना घरेदारे सोडून जावे लागले. शेकडो वर्षांचा शेजार दोन वर्षांत मोडला.

सेद्लेत्सच्या मठाजवळ एक लहान प्रार्थनामंदिर आहे. पवित्र भूमीची माती तिथे आणून टाकली होती, म्हणून दूरदूरचे लोक तिथे दफन होण्याची इच्छा धरीत. चौदाव्या शतकातल्या महामारीचे बळी तिथे आले, हुसयुद्धातले मृतही आले. पुढे जागा पुरेना, तेव्हा हाडे उकरून आत रचून ठेवली, आणि १८७० साली एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने त्यांची झुंबरे आणि माळा करून टांगल्या. हजारो माणसांची ती हाडे आहेत. त्यांत पेलेवाल्याची कवटी कोणती आणि पोपवाल्याची कोणती, हे आज कुणालाही सांगता येत नाही.

१९९५ साली संत बार्बाराचे चर्च, सेद्लेत्सचे मोठे चर्च आणि जुने गाव यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आता प्रवासी येतात, पांढरा अंगरखा घालून जुन्या खाणीतून फिरतात, टांकसाळीच्या वाड्यात हातोड्याखाली नाणे कसे पडे ते बघतात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात युरोपचा नकाशा लावाल तेव्हा प्रागच्या उजवीकडे पेन्सिलीने एक टिंब द्या, आणि मुलांना या गावची दोन सालेच सांगा : १४२१ आणि १४८५. पहिल्या साली इथली माणसे शेजाऱ्याला खाणीत लोटत होती. दुसऱ्या साली त्यांच्याच नातवंडांनी एकत्र बसून, शेजाऱ्याने कसे राहावे हे लिहून काढले. मध्ये चौसष्ट वर्षे गेली. ती चौसष्ट वर्षे वाचवता आली असती का, असे मुलांना विचारून पाहा. आणि त्यांची उत्तरे शांतपणे ऐकून घ्या.